स्नॉर्केलिंगची बोट-सहल: मास्क निवडण्यापासून शिडी चढेपर्यंत

उष्ण कटिबंधातल्या समुद्रावर अर्ध्या दिवसाची बोट-सहल म्हणजे एकात दोन कार्यक्रम असतात. जाता-येता डॉल्फिन, कासवं, पक्षी आणि मोसम असेल तर देवमासे बघायचे. मध्ये बोट प्रवाळाजवळ थांबली की डोळ्यांवर काचेचा मास्क आणि तोंडात श्वासाची नळी, म्हणजे स्नॉर्केल, लावून पाऊण-एक तास पाण्यात तोंड घालून तरंगायचं. हिरमुसून परतलेल्यांना विचारलं, तर मासेच दिसले नाहीत अशी तक्रार क्वचित निघते. बोट लागली, मास्कमध्ये पाणी शिरत राहिलं, धाप लागली, पाठ भाजली, याच चार गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकू येतात. चारही गोष्टींचा बंदोबस्त पाण्यात उतरायच्या आधी होतो, म्हणून इथला निम्मा मजकूर कोरड्या जमिनीवरचाच आहे.

दिवस आणि वेळ

शक्यतो सकाळची पहिली फेरी घ्या. दिवस चढतो तशी जमीन तापते, समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि आठ वाजता तेलासारखं सपाट असलेलं पाणी दुपारी दोनला खवळलेलं असतं. वाऱ्याचा अंदाज नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, बघा. १० नॉटपर्यंत छान. ११ ते १६ नॉटमध्ये जिकडेतिकडे लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागतो. त्या फेसात डॉल्फिनचा पंख शोधणं कठीण होतं आणि स्नॉर्केलच्या तोंडातून पाणी आत येतं. त्याहून जास्त वारा असेल तर नवशिक्यांनी सरळ तारीख बदलावी.

लाटेची नुसती उंची बघून फसू नका, दोन लाटांमधलं अंतर सेकंदांत दिलेलं असतं तेही बघा. एक मीटरची लाट १२ सेकंदांनी येत असेल तर बोट पाळण्यासारखी झुलते. तीच लाट ५ सेकंदांनी आली तर बोट आपटत जाते आणि निम्मे प्रवासी पिशव्या शोधतात.

भरती-ओहोटीचं गणित आपल्याकडे ज्याला तिथी कळते त्याला अर्धं येतंच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणून प्रवाह जोराचे. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणून प्रवाह मवाळ. चंद्र सगळीकडे तोच, त्यामुळे हे कुठल्याही समुद्राला लागू पडतं. काही ठिकाणी भरती दिवसातून एकदाच येते आणि तिथलं वेळापत्रक वेगळं असतं, एवढाच अपवाद. सर्वात चांगली वेळ म्हणजे भरती पूर्ण होऊन पाणी स्थिरावतं तो अर्धा-पाऊण तास. बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं आणि अजून ओढ सुरू झालेली नसते. ओहोटी लागली की खाडीतला, किनाऱ्याजवळचा गाळ बाहेर येतो. मोठा पाऊस होऊन गेला असेल तर नदीच्या मुखाजवळच्या जागा दोन-तीन दिवस विसरा.

बोट ठरवताना

दोन सांगाड्यांची कॅटामरान कमी डुलते, तिच्यावर सावली आणि शौचालय बहुधा असतं. वयस्क माणसं आणि मुलं बरोबर असतील तर हीच घ्या. हवा भरलेल्या कडांच्या वेगवान बोटी प्राण्यांपर्यंत लवकर पोचवतात, पण लाटेवर अशा आदळतात की कंबरदुखी, मानेचा त्रास किंवा गर्भारपण असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नये.

पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा. पाण्यात आमच्याबरोबर कोण उतरतं आणि किती जणांमागे एक? आठ-दहा जणांमागे एक वाटाड्या असेल तर बरं. पंचवीस जणांना पाण्यात सोडून माणसं डेकवर गप्पा मारत बसणार असतील तर दुसरी बोट बघा. बोटीवर ऑक्सिजनची टाकी आणि रेडिओ आहे का? लहान मापाची लाइफ जॅकेटं आहेत का? आणि बोट तरंगत्या बोयाला बांधता की नांगर टाकता? शेवटचा प्रश्न उगाच वाटेल, पण त्याच्या उत्तरावरून बोटवाल्याची जात कळते. जो प्रवाळावर नांगर टाकतो तो बाकीच्या बाबतीतही ढिसाळ असतो, असा आमचा ठाम समज आहे.

बोट लागू नये म्हणून

गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर ती पोटात टिकत नाही. डायमेनहायड्रिनेट अर्धा ते एक तास आधी, मेक्लिझीन एक तास आधी, सिनारिझीन दोन तास आधी घ्यावं लागतं. कानामागे लावायची स्कोपोलामीनची पट्टी किमान चार तास आधी लावतात, ती तीन दिवस चालते. पट्टी लावल्यावर हात साबणाने धुवा. तेच बोट डोळ्याला लागलं तर बाहुली मोठी होऊन दिवसभर धूसर दिसतं. या बहुतेक औषधांनी झापड येते, त्यामुळे पहिल्यांदा घेणार असाल तर आदल्या एखाद्या दिवशी घरी घेऊन बघा. झापड घेऊन पाण्यात उतरू नये, आणि सोबत दारू तर अजिबात नको. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास, गरोदरपण असेल किंवा औषध मुलाला द्यायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

बोटीवर बसायची जागा मध्यावर किंवा जराशी मागे, आणि खालच्या डेकवर. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, बसून फोटो छान येतात, पण तिथे बोट सर्वात जास्त वर-खाली होते. अगदी मागे इंजिनाचा धूर. डोळे क्षितिजावर ठेवा. मोबाइलमध्ये मान घातली की कान म्हणतो हलतोय, डोळा म्हणतो स्थिर आहे, आणि त्या भांडणात पोट हरतं. उपाशीपोटी जाणं हाही उपाय नाही. तेलकट नसलेलं थोडं खाऊन निघा. उलटी येणारच असेल तर वारा पाठीवर घेऊन कठड्याशी जा, वाऱ्याच्या तोंडी नाही.

ऊन

स्नॉर्केल करणाऱ्याचा चेहरा पाण्यात असतो आणि मागची सगळी बाजू उन्हात. मान, कानांच्या पाळ्या, पोटऱ्या आणि गुडघ्यामागची खळगी इथे लोक भाजतात, आणि पाणी गार असल्यामुळे ते संध्याकाळपर्यंत कळत नाही. लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट आणि घट्ट लांब विजार घातली की प्रश्न जवळजवळ मिटतो. जेलीफिशच्या बारीक धाग्यांपासून बचाव होतो तो वेगळा.

उरलेल्या अंगाला सनस्क्रीन, पण पुरेसं. पूर्ण उघड्या अंगाला एका वेळी ३० ते ३५ मिलिलिटर लागतं, बहुतेक जण त्याच्या निम्मंही लावत नाहीत. उतरायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा आणि पाण्यातून आल्यावर परत लावा. कपाळावर मात्र लावू नका. ते ओघळून मास्कमध्ये जातं, डोळे चुरचुरतात आणि मास्कची कडही सटकते. कपाळासाठी टोपी. घटक वाचून घ्या: पॅसिफिकमधल्या पलाऊ या देशाने २०२० पासून आणि हवाईने १ जानेवारी २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घातली, प्रवाळाला घातक म्हणून. झिंक ऑक्साइडचं पांढरं मलम कुठेही चालतं.

मास्क: इथे घाई नको

सगळ्या सामानात एकच वस्तू स्वतःची असावी, ती म्हणजे मास्क. पायात घालायच्या फिन्स भाड्याच्या चालतात, जॅकेट बोटीवर मिळतं, पण चेहरे सारखे नसतात.

माप असं बघा. पट्टा पुढे टाकून मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवा, केसांची एकही बट आत राहू देऊ नका. नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. श्वास धरून ठेवलात तोवर मास्क चिकटून राहिला पाहिजे. मान खाली करा, वर करा, डावी-उजवी हलवा. मग तोंडात स्नॉर्केलचा रबरी दात-घास धरून हेच पुन्हा करा, कारण तोंड उघडल्यावर गालांचा आकार बदलतो आणि दुकानात बसलेला मास्क पाण्यात गळतो तो इथेच. मिशी असेल तर नाकाखालची बोटाच्या पेराएवढी पट्टी भादरावी. तेवढ्याने गळती बरीच थांबते. पाण्यात हसलात तर डोळ्यांच्या आणि गालांच्या घड्यांमधून पाणी शिरणारच, त्याला इलाज नाही.

गळायला लागला की लोक पट्टा आवळतात. हे उलटं आहे. पट्टा फक्त मास्क जागेवर राहावा म्हणून असतो. आवळला की सिलिकोनची कड दुमडते आणि जास्त गळते, शिवाय कपाळावर दिवसभर वळ. पट्टा डोक्याच्या मागच्या सर्वात रुंद भागावर, कानांच्या वर बसवा.

धुकं धरणं ही दुसरी तक्रार. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला सिलिकोनचा पातळ थर असतो. जेल नसलेली साधी पांढरी टूथपेस्ट बोटावर घेऊन काचेच्या आतून दोन-तीन मिनिटं चोळा, धुवा, आणि हे तीन-चारदा करा. त्यानंतर दर वेळी उतरण्याआधी थुंकी किंवा पाण्यात मिसळलेल्या बेबी शॅम्पूचे दोन थेंब आत फिरवून एकदाच विसळा. खळखळून धुतलं तर केलेलं वाया जातं. आणि मास्क कपाळावर चढवून उन्हात बसू नका. कपाळाच्या घामाच्या वाफेने काच धुरकटते, आणि लाट आली की मास्क जातो तळाला.

चश्मा असणाऱ्यांसाठी नंबरच्या काचांचे मास्क मिळतात. पाण्यात वस्तू साधारण एक तृतीयांश मोठ्या आणि पाव अंतराने जवळ दिसतात, त्यामुळे कमी नंबरवाल्यांचं साध्या काचेतही भागतं. कॉन्टॅक्ट लेन्स घातल्याच तर एक दिवसाच्या, फेकून द्यायच्या घ्या आणि मास्कमध्ये पाणी शिरलं की डोळे मिटा.

पूर्ण चेहरा झाकणारे मास्क दिसायला सोयीचे असतात. आमचा त्यांना विरोध आहे. वाईट बनावटीच्या मास्कमध्ये वापरलेली हवा पूर्ण बाहेर जात नाही, त्यातून खाली बुडी मारताना नाक दाबून कान मोकळे करता येत नाहीत, आणि घाबरल्यावर नळी थुंकून टाकावी तसा तो झटकन निघत नाही.

श्वास

स्नॉर्केलची नळी ३५-४० सेंटिमीटरहून लांब का नसते? कारण छाती पाण्यात असते आणि पाण्याचा दाब तिच्यावर असतो. एक मीटर खाली हवेच्या दाबाचा दहावा हिस्सा वाढतो, आणि तेवढ्या दाबाविरुद्ध फासळ्या उचलत राहणं माणसाच्या स्नायूंना जमत नाही. आणखी एक गोष्ट: नळीत सव्वाशे-दीडशे मिलिलिटर हवा मावते. साधा श्वास सुमारे अर्ध्या लिटरचा. भीतीने तुम्ही छोटे-छोटे, भराभर श्वास घेऊ लागलात की नळीतली वापरलेलीच हवा आत-बाहेर होत राहते, कार्बन डायऑक्साइड साठतो, धाप वाढते, भीती वाढते. हे चक्र मोडायचा उपाय एकच: बाहेर सोडायचा श्वास लांब करा. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर.

हे बोटीवरून उडी मारून शिकू नये. आदल्या दिवशी तलावात किंवा कमरेएवढ्या शांत पाण्यात वीस मिनिटं पुरेशी आहेत. आधी उभं राहून, वाकून, फक्त चेहरा पाण्यात घालून पन्नास श्वास. नाकाने श्वास न घेता तोंडाने घेण्याची सवय इथेच लागते. मग मुद्दाम नळी पाण्यात बुडवून भरू द्या आणि ‘थू!’ असं एका झटक्यात फुंका, पाणी वरून उडालं पाहिजे. फुंकल्यावरचा पहिला श्वास हळू, जिभेचं टोक वर टेकवून घ्यावा. राहिलेलं थेंबभर पाणी जिभेवर अडतं. तिसरा सराव मास्कचा: त्याची खालची कड जराशी उचलून पाणी आत घ्या, मग मान किंचित वर करून, वरची कड कपाळाशी दाबून, नाकाने फुंकत पाणी खालून बाहेर घालवा. हे तीनदा जमलं की समुद्रात मास्क गळला तरी हृदय घशात येत नाही.

आता जरा गंभीर. स्नॉर्केलिंगमधले मृत्यू बहुतेक वेळा आरडाओरड्याशिवाय होतात, कधी कधी उभं राहता येईल इतक्या उथळ पाण्यातही. एक कारण असं, की अरुंद नळीतून जोर लावून श्वास ओढताना फुप्फुसात पाणी जमू शकतं. हृदयाचा आजार किंवा जास्त रक्तदाब असेल तर धोका अधिक. खुणा म्हणजे कारण नसताना आलेली धाप, हातपाय गळणं, खोकला. असं झालं तर थांबा, नळी काढा, पाठीवर व्हा, हात हलवा. ‘आणखी पाच मिनिटं’ नाही. आणि दुसरं कारण, खोल बुडी मारण्याआधी जोरजोरात दहा-बारा श्वास घेणं. त्याने ऑक्सिजन विशेष वाढत नाही, फक्त श्वासाची हाक देणारा कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि माणूस हाक ऐकू येण्याआधीच बेशुद्ध होतो. पट्टीचे पोहणारेच यात जातात.

वाटेत: बघायचं कसं

नाळ म्हणजे बाराचा आकडा, मागची बाजू सहाचा. कुणाला काही दिसलं तर बोट दाखवून ‘ते बघा, ते बघा’ न करता ‘दोन वाजता, दोनशे मीटरवर’ असं म्हणा. वळून बघणाऱ्यांचे पाच सेकंद वाचतात आणि डॉल्फिन तेवढाच वेळ वर असतो. क्षितिजाचा एकेक तुकडा घेऊन सावकाश नजर फिरवा. ध्रुवित (पोलराइज्ड) काचांचा गॉगल चकाकी कापतो आणि पाण्याखालची कासवाची पाठसुद्धा दिसते. दुर्बीण ७ किंवा ८ पटींची. १० पटींची डुलत्या बोटीवर फक्त स्वतःचा थरथरता हात मोठा करून दाखवते.

पक्षी हे सर्वात भरवशाचे खबरे. कुररी आणि बूबी एका जागी घिरट्या घालून सूर मारत असतील तर खाली लहान माशांचा थवा आहे, आणि त्याला खालून वर ढकलणारं कुणीतरी आहे: ट्यूना किंवा डॉल्फिन. देवमासा शोधायचा तो त्याच्या फवाऱ्यावरून. क्षितिजावर धुराचा झुबका उठून विरतो तसं दिसतं. त्याने बुडी मारली की जागेवर पाण्याचा तेलकट, गुळगुळीत गोल उरतो; शेपटीच्या फटकाऱ्याने झालेला हा ठसा. घड्याळ लावा. हंपबॅक जातीचा मोठा देवमासा बहुधा दहा-पंधरा मिनिटांनी वर येतो, पिल्लू बरोबर असेल तर ते तीन-पाच मिनिटांनी श्वासाला येतंच. चांगला कप्तान या वेळात इंजिन मंद ठेवून थांबतो. प्राण्याच्या तोंडासमोर किंवा शेपटीमागून बोट नेणं म्हणजे पाठलाग; बाजूने, समांतर, त्याच्याच वेगाने जाणं योग्य. हवाईत हंपबॅकपासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, आणि स्पिनर डॉल्फिनपासून ५० यार्ड अंतराचा नियम आहे.

स्पिनर डॉल्फिनच्या नियमामागचं कारण कळलं की तो जाचक वाटत नाही. हे डॉल्फिन रात्रभर खोल पाण्यात शिकार करतात आणि दिवसा उथळ, वाळूच्या तळाच्या खाडीत झोपायला येतात. झोप म्हणजे संथ पोहणं: सगळे एकमेकांना चिकटून, एका लयीत, उड्या न मारता वर येतात आणि खाली जातात. अशा कळपात उडी टाकणारा पर्यटक कुणाच्या तरी झोपेच्या खोलीत ढोल वाजवतोय असं समजा. उलट डॉल्फिन आपणहून नाळेपुढच्या लाटेवर खेळायला आले तर बोटीने वेग आणि दिशा तशीच ठेवावी, वळू नये. खेळ संपला की तेच जातील.

पाण्यात उतरताना

इंजिन बंद झालं आहे आणि कप्तानाने ‘उतरा’ म्हटलं आहे, या दोन्ही गोष्टी झाल्याशिवाय कडेशी जायचं नाही. फिन्स कडेवर बसून घाला. घालून चालावं लागलंच तर उलटं, मागे-मागे चाला. टाच घासत असेल तर पातळ मोजे. उडी मारणार असाल तर एका हाताने मास्क आणि नळी दाबून धरा, नजर समोर, एक मोठं पाऊल टाका. पोहायला येत नसेल किंवा बिचकत असाल तर शिडीनेच उतरा, जॅकेट घालून. जॅकेटचा मांड्यांमधून जाणारा पट्टा लावायला विसरू नका, नाहीतर पाण्यात ते हनुवटीपर्यंत वर चढतं.

उतरल्यावर लगेच निघू नका. एक मिनिट दोर धरून तरंगा, श्वास लागू द्या. मग दोर सोडून अजिबात न हलता तळाकडे बघा: खालचा दगड कोणत्या बाजूला सरकतोय? तो पुढे सरकत असेल तर प्रवाह तुम्हाला मागे नेतोय. सुरुवात प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने करा, म्हणजे दमल्यावर परतीची वाट आपोआप होते. उलटं केलं तर शेवटची दहा मिनिटं बोटीकडे पोहताना जीव जातो. वाहून जायला लागलात तर झगडू नका, तरंगत राहा आणि खूण करा.

खुणा दोनच. पालथ्या हाताने डोक्याच्या टाळूला स्पर्श, म्हणजे सगळं ठीक. हात वर करून इकडून तिकडे हलवणं, म्हणजे मदत हवी. म्हणूनच डेकवरच्या नातेवाइकांना हात हलवून ‘हॅलो’ करू नका. एक तर बोटीवर धावपळ उडते, किंवा पुढच्या वेळी कुणी लक्ष देत नाही.

खाली काय बघायचं

बहुतेक जण पाण्यात पडले की अंतर कापत सुटतात. पाच मिनिटं एकाच प्रवाळ-ढिगाऱ्यावर, तीन-चार मीटर दूर, हात पोटाशी घेऊन तरंगून बघा. पहिल्या मिनिटाला लपलेले मासे दुसऱ्या मिनिटाला बाहेर येतात. आधी आवाज ऐका: फोडणीत मोहरी तडतडावी तसा सततचा आवाज येतो, तो नखं मिटवणाऱ्या बारक्या कोळंब्यांचा. मधूनच कुरकुर ऐकू आली तर पोपटमासा चोचीने दगड खरवडतोय. त्याच्या मागून निघणारा पांढरा ढग म्हणजे वाळू. एखादा मोठा मासा तोंड आणि कल्ले उघडून स्तब्ध उभा असेल तर ते सफाई-केंद्र आहे. निळ्या-काळ्या पट्ट्यांचा बोटभर क्लीनर रास मासा त्याच्या अंगावरचे परजीवी वेचतो, आणि चक्क त्याच्या तोंडात शिरून बाहेर येतो. तुम्ही जवळ गेलात तर ‘गिऱ्हाईक’ निघून जातं. मांटा रे, म्हणजे भले मोठे पाकट, तेसुद्धा अशाच जागांवर येतात. त्यांच्या वर जाऊ नका, बाजूला थांबा.

कासव हवं असेल तर हिरवं कासव समुद्री गवताच्या कुरणात शोधा, चोचवालं हॉक्सबिल प्रवाळाच्या कपारीत, जिथे स्पंज असतात. तीन मीटरच्या आत जाऊ नका आणि मुख्य म्हणजे त्याच्या डोक्यावर तरंगू नका, त्याला श्वासाला तिथूनच वर यायचं असतं. चरणं थांबवून ते एकदम वळलं किंवा पुढचा वल्हा चेहऱ्यावरून फिरवू लागलं की तुम्ही जास्त जवळ गेला आहात.

शंकूच्या आकाराची नक्षीदार शंखगोगलगाय दिसली तर उचलू नका. काहींचा दंश माणसाला मारू शकतो. टायटन ट्रिगरफिश हा मासा घरट्यावर असेल तर त्याचा इलाखा तळापासून पृष्ठभागाकडे रुंद होत जाणारा उलटा शंकू असतो. पाठीचा काटा उभा करून, तिरका होऊन तो तुमच्याकडे बघू लागला, तर वर न जाता आडवे दूर पोहा आणि फिन्स त्याच्या बाजूला ठेवा. एकदा चावला की फिनवर खुणा राहतात.

प्रवाळावर उभं राहायचं नाही, हे सगळे सांगतात. उभं राहावंसं का वाटतं ते कुणी सांगत नाही. मास्कमध्ये पाणी गेलं की माणूस सरळ होतो आणि पाय खाली जातात. सरळ न होता, पाठीवर वळून मास्क रिकामा करा. फांद्यांचं प्रवाळ वर्षाला फार तर दहा सेंटिमीटर वाढतं, गोल दगडासारखं दिसणारं जेमतेम एक. फिनचा एक फटका म्हणजे कित्येक वर्षांची वाढ गेली. पाय कमरेपासून, संथ, पाण्याखालीच हलवा. सायकल मारू नका. प्रवाळाने खरचटलंच तर बोटीवर आल्यावर साबण आणि स्वच्छ पाण्याने घासून धुवा, कारण आत राहिलेले कण चिघळतात. काटेरी माशाचा किंवा पाकटाचा काटा लागला तर चटका बसणार नाही इतक्या गरम, जास्तीत जास्त ४५ अंशांच्या पाण्यात तो भाग बुडवून वेदना कमी होतात, पुढे डॉक्टर.

बुडी मारणार असाल तर कान पहिल्याच मीटरला, दुखायच्या आधी, नाक दाबून हलकं फुंकून मोकळे करा. सर्दी असेल तर वरच राहा. फोटोंबद्दल थोडंच: फोनच्या पिशवीत पाण्याखाली पडद्याचा स्पर्श चालत नाही, आवाजाच्या बटणाने फोटो काढायची सोय आधीच लावून ठेवा. पाच मीटरखाली लाल रंग जवळजवळ संपतो, त्यामुळे उथळ पाणी, जवळचा विषय आणि पाठीमागे सूर्य.

परत बोटीवर

पाणी २७-२८ अंश असलं तरी अंगातली उष्णता हवेपेक्षा कितीतरी वेगाने जाते. पाऊण तासाने दात वाजू लागले की वर या, विशेषतः मुलांना आणा. ती स्वतः सांगत नाहीत.

दोर किंवा शिडी हातात येईपर्यंत फिन्स काढू नका. एक हात शिडीवर, दुसऱ्या हाताने फिन्स काढून वर द्या, मग चढा. पुढचा चढत असताना त्याच्या खाली थांबू नका, तो घसरला तर तुमच्यावर येतो. लाटेत शिडी वर उचलली जाऊन आपटते. ती खाली आली की पाय ठेवायचा आणि वर जाताना तिच्याबरोबर उठायचं. मास्क डेकवर पोचेपर्यंत चेहऱ्यावरच असू द्या.

मग मोजणी. जानेवारी १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर बोटीने माणसं चुकीची मोजली आणि एक अमेरिकन दांपत्य समुद्रातच राहिलं. ते नाहीत हे दोन दिवसांनी लक्षात आलं, आणि ते कधीच सापडले नाहीत. नाव पुकारल्यावर स्वतः ‘हजर’ म्हणा, दुसऱ्याच्या वतीने म्हणू नका, आणि आपल्या जोडीदाराला डोळ्यांनी बघितल्याशिवाय इंजिन सुरू होऊ देऊ नका.